घरांचे भाव : चढले म्हणावेत की उतरले?

गणपतीच्या दिवसांत किंवा शिमग्याला मुंबईची माणसं गावी येतात, तेव्हा ओटीवर बसून ज्या गोष्टी निघतात त्यांत जागेची गोष्ट हटकून निघते. एक जण म्हणतो, "जागेचं काही विचारू नका. हात लावायची सोय राहिली नाही." दुसराही त्याच गाडीनं आलेला असतो. तो म्हणतो, "कसलं काय घेऊन बसलास! आमच्या शेजारच्या नव्या इमारतीत रात्री निम्म्या खिडक्यांना दिवा नसतो. गिऱ्हाईकच नाही." ऐकणारा गावकरी मात्र गोंधळून जातो. त्याला पोराच्या नावानं तिकडे एक खोली घ्यायची असते, आणि त्यासाठी इथली दोन एकर जमीन विकावी की आणखी वर्षभर थांबावं हे ठरवायचं असतं. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही, आणि तरी दोघांच्या बोलण्यावरून काही ठरवता येत नाही.

श्रोतेहो, हा गोंधळ आजकालचा नाही. मुंबई शहराचा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळला तर घराच्या भावाविषयी उलटसुलट खुणा पुनःपुन्हा दिसतात. त्यांतल्या दोन-तीन प्रसंगांची हकीकत आज सांगायची आहे. घराला एक भाव असतो असं आपण धरून चालतो. पण बहुतेक वेळी एकाच घराचे दोन-तीन भाव वेगवेगळ्या कागदांवर लिहिलेले असतात, आणि ते एकाच दिशेनं चालतात असं नाही. तेव्हा भाव वाढला असं कुणी म्हणालं की तो कोणत्या कागदावरचा, एवढं तरी विचारून घ्यावं लागतं.

पहिला प्रसंग १८६१ ते १८६५ या सालांमधला. १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांमध्ये यादवी जुंपली. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमारानं अडवून धरली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस जवळजवळ बंद झाला. गिरण्या तर चालल्या पाहिजेत. मग खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड इकडच्या कापसाला कधी नव्हे तेवढी मागणी आली. हा सगळा कापूस मुंबई बंदरातून जायचा. बोरघाटातून आगगाडी वर चढली तीही १८६३ सालीच, म्हणजे नेमकी याच धामधुमीत. नेहमीच्या मानानं आठ कोटी पौंडांहून अधिक जादा पैसा त्या चार-पाच वर्षांत मुंबईत उतरला, असा हिशेब त्या शतकातल्या लेखकांनी मांडून ठेवला आहे. लोकांनी घरातल्या गाद्या उसवून आतला जुना कापूस विकला अशीही गोष्ट सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्या वेळची हवा तिच्यातून कळते.

आता हा पैसा जायचा कुठे? मुंबई हे बेट. तीन बाजूंना पाणी, मधे दाट वस्ती. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ सालचं. हे शहर त्या काळी कसं होतं ते ज्यांना मराठीतून पाहायचं असेल त्यांनी ते जरूर मिळवावं. शहरात जमीन थोडी आणि पैसा फार, अशी अवस्था. तेव्हा व्यापाऱ्यांच्या मनात आलं की समुद्रच भरून काढावा आणि त्यावर इमारती उठवाव्यात. माझगाव, कुलाबा, जिकडे तिकडे जमिनीच्या कंपन्या निघाल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली म्हणजे बॅकबे रेक्लमेशन कंपनी. आज मरीन ड्राइव्हवर ज्या बाजूला आपण फिरायला जातो, त्या बाजूचा समुद्र हटवून जमीन काढायची, अशी ही योजना. तिच्या पाच हजार रुपयांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या आसपास जाऊन पोचला. हे कसलं मोल होतं ते लक्षात घ्या. घर नाही, घराखालची जमीनही नाही. जिथं अजून लाटा येऊन फुटत होत्या, तिथल्या उद्याच्या जमिनीचा तो भाव होता.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हे नाव होतं. बँका त्यांच्या शब्दावर कर्ज देत, आणि त्या कर्जातून लोक शेअर घेत. शेअर तारण ठेवून पुन्हा कर्ज. दिनशा वाच्छा त्या वेळी विशीतले होते. त्यांनी हा सारा खेळ डोळ्यांनी पाहिला आणि पुढे १९१० साली त्यावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं.

आता त्या वेळच्या एखाद्या शहाण्या माणसानं, १८६४ च्या अखेरीला, घराचे भाव पुढे चढतील की उतरतील हे कशावरून ठरवावं? शेअरबाजारात गेला तर भाव आभाळाला भिडलेले. चाळीत खोली पाहायला गेला तर खोली मिळत नाही, कारण भरावाच्या, रेल्वेच्या आणि बांधकामाच्या कामांवर हजारो माणसं आलेली. भाडं मागाल ते. सरकारकडे विचारलं तर डॉक्टर लीथ यांनी १८६४ च्या फेब्रुवारीत केलेली खानेसुमारी पुढे येई : माणसं ८,१६,५६२. एवढी माणसं आणि एवढंसं बेट! या तिन्ही खुणा एकच सांगत होत्या. चौथी खूण मात्र उलटी होती, आणि ती मुंबईत नव्हतीच. ती लिव्हरपूलला होती. तिथं १८६४ सालच्या उत्तरार्धात तहाच्या नुसत्या वावड्यांनीच कापसाचा भाव डळमळू लागला होता. म्हणजे ज्या झऱ्याचं पाणी या सगळ्या पाटांतून वाहत होतं, तो झराच आटण्याच्या बेतात होता, आणि इकडे पाटाच्या कडेला नव्या विहिरींचे सौदे चालले होते.

१८६५ च्या ९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. ती बातमी मुंबईस येताच कापूस कोसळला. पण खरा हिशेब व्हायचा होता १ जुलैला, कारण वायद्याचे पुष्कळ व्यवहार त्या तारखेला पुरे करायचे ठरलेले होते. तो दिवस आला आणि द्यायला पैसे कुणाकडेच नव्हते. ज्यानं द्यायचे त्याला दुसऱ्याकडून येणं, त्या दुसऱ्याला तिसऱ्याकडून. बाँबे बँकेचा जो शेअर २,८५० रुपयांवर गेला होता तो ८७ रुपयांवर आला. पुढे १८६८ साली ती बँकच गुंडाळावी लागली. बॅकबे कंपनीचाही तोच शेवट. आणि १८७२ साली पुन्हा खानेसुमारी झाली तेव्हा मुंबईत माणसं भरली ६,४४,४०५. म्हणजे आठ वर्षांत एक लाख बहात्तर हजार माणसं कमी! खोलीचं भाडं वाढतं हे ज्यानं १८६४ साली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं त्याचं पाहणं चुकलेलं नव्हतं. ते भाडं देणारा माणूसच कामाबरोबर आला होता आणि कामाबरोबर निघून गेला, एवढं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

एक गोष्ट जाता जाता सांगून टाकतो. तेजीच्या काळात प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी मिळून चार लाख रुपये दिले. त्यातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. ज्यांनी समुद्रातली जमीन घेतली त्यांच्या हाती काही राहिलं नाही. जे दान म्हणून देऊन टाकलं ते मात्र आजही तास वाजवतं आहे.

असो. पुढे १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग दिसला, लोक शहर सोडून पळाले, १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्यानं दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले. त्यामुळे रस्त्याकडेच्या जमिनीचं मोल वाढलं, पण गरिबाला राहायला खोल्या मात्र तेवढ्याच कमी झाल्या. हा विषय स्वतंत्र भाषणाचा आहे. मला यायचं आहे ते १९२० नंतरच्या दुसऱ्या प्रसंगाकडे, कारण त्यात उलटसुलट खुणा फार नमुनेदार आहेत.

पहिल्या महायुद्धात महागाई झाली, गिरण्या दिवसरात्र चालल्या आणि गिरणगावात एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं राहू लागली. १९१८ साली भाड्यावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. गव्हर्नर लॉइड साहेबांनी ठरवलं की सरकारनंच कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवला आणि डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथं सिमेंट काँक्रीटच्या २०७ चाळी उठवल्या. याच आपल्या बीडीडी चाळी. शहरात खोल्यांची टंचाई एवढी, की या चाळींवर लोकांच्या उड्या पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात काय झालं? कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. विशेषतः वरळीच्या. १९३० च्या सत्याग्रहात तर वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून उपयोग झाला.

वरवर पाहणारा म्हणेल, एवढ्या खोल्या रिकाम्या आहेत तर टंचाई खोटी. सरकारी हिशेबनीस म्हणेल, एवढी माणसं दाटीत राहतात तर रिकाम्या खोल्यांची बातमी खोटी. दोन्ही खरं होतं. सिमेंट आणि पोलाद महाग असताना बांधलेल्या त्या खोल्यांचं भाडं कामगाराच्या पगाराला परवडत नव्हतं. वरळी तेव्हा आडबाजूला. भोंगा होण्याआधी गिरणीच्या दारात पोचायचं तर खोली गिरणीजवळ हवी. शिवाय गावचे लोक, दुकानदाराची उधारी, खानावळ हे सगळं लालबाग-परळला. ते सोडून तिकडे एकटं जाऊन राहायचं कुणी? खोली ही नुसती चार भिंतींची वस्तू असती तर तिथं लागलीच बिऱ्हाडं लागली असती. (पुढे याच चाळींत जागा मिळणं दुरापास्त झालं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या काही कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्या खोल्या एकदा फुकट गेल्या म्हणून सरकारची टर उडवली जात होती, त्याच जागेचं मोल शंभर वर्षांनी कुठल्या कुठे गेलं.)

तिसरा प्रसंग भाड्याचा आणि पागडीचा, आणि हा पुष्कळ श्रोत्यांच्या घरातलाच असेल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुन्या जागांचं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. हेतू चांगला होता. युद्ध, फाळणी, निर्वासितांचे लोंढे, अशा वेळी घरमालकानं भाडेकरूला नाडू नये म्हणून ही तजवीज. पण तात्पुरती म्हणून केलेली तजवीज पन्नास वर्षं चालली. गिरगावातली दोन खोल्यांची जागा घ्या. तिची भाडेपावती पाहिली तर बाप देत होता तेच भाडं मुलगा देतो आणि तेच नातू देतो. फक्त भाडेपावत्या पुढ्यात घेऊन बसलेला संशोधक शपथेवर सांगेल की गिरगावात १९४० पासून घराचा भाव फारसा हललाच नाही.

आणि तीच जागा सोडून भाडेकरू जायला निघाला की काय होई? नव्या माणसाकडून पागडी घेतली जाई. ती रक्कम कुठल्या पावतीवर नाही. कायद्यानं तो गुन्हा. रात्री दिवाणखान्यात दार लावून नोटा मोजायच्या, आणि पावतीवर तेच जुनं भाडं. म्हणजे जागेचा खरा भाव दर काही वर्षांनी उड्या घेत वर जात होता, पण तो कागदावर उतरतच नव्हता. शहरात नव्यानं आलेल्या माणसाला जागा फार महाग. तिथं आधीपासून राहणाऱ्याला जवळजवळ फुकट. त्यामुळे जुना माणूस जागा सोडीना, नवी जागा भाड्यानं द्यायला कुणी बांधीना, आणि मालक म्हणे, एवढ्याशा भाड्यात मी गिलावा कशानं करू? इमारती खचू लागल्या, पडू लागल्या, माणसं मेली. अखेर १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करून सरकारला मंडळ नेमावं लागलं. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवण्याच्या तरतुदी आता न्याय्य राहिलेल्या नाहीत. १९९९ सालच्या नव्या कायद्यानं भाडं दर वर्षी चार टक्क्यांनी वाढवायला मुभा दिली आणि पागडीही उघडपणे घेता येईल असं मान्य केलं. इतकी वर्षं पडद्याआड असलेला भाव त्या दिवशी कायद्याच्या पुस्तकात आला म्हणायचा.

मालकीच्या घरांचं तरी सरळ होतं का? तेही नाही. खरेदीखतावर जेवढी रक्कम लिहाल तेवढ्यावर मुद्रांक शुल्क. तेव्हा खतावर थोडी लिहायची आणि उरलेली वेगळी द्यायची, ही रीत शहरात रुजली आणि खेड्यातल्या शेतजमिनींच्या व्यवहारांतही शिरली. तुम्हाला ती मी सांगायला नको. त्यावर उपाय म्हणून सरकार दर विभागाचे वार्षिक मूल्य दर तक्ते काढू लागलं. लोक त्याला रेडी रेकनर म्हणतात. खतातली रक्कम आणि तक्त्यातली रक्कम यांत जी जास्त तिच्यावर शुल्क. आयकराच्या कायद्यातही २००३ पासून तशीच तरतूद आली. याचा एक चमत्कारिक परिणाम होतो. बाजार चढता असतो तेव्हा पुष्कळ खतं तक्त्याला टेकून लिहिली जातात आणि खरा भाव त्यांच्याहून वर असतो. बाजार पडतो तेव्हा तक्ता मात्र वरच राहिला, तर कागद महाग आणि घर स्वस्त असं उलटं चित्र दिसतं. १९९५ च्या सुमारास मुंबईचे जागेचे भाव जगातल्या महागड्या शहरांच्या पंक्तीला जाऊन बसले होते, आणि त्यानंतर काही वर्षं ते खाली आले. पडत्या काळात विकणारा आपला भाव सहसा उतरवून सांगत नाही. तो थांबतो. जाहिरातीत जुनाच आकडा राहतो, व्यवहार मात्र थंडावतात. बांधणारा म्हणतो, दर तोच, पण मुद्रांक शुल्क आम्ही भरू, गाडी ठेवायची जागा वर देऊ. ही सूटच असते. पण दराच्या आकड्यात ती दिसत नाही. म्हणून ओटीवरच्या त्या दोघांपैकी एकाला भाव चढा दिसतो आणि दुसऱ्याला खिडक्या काळोख्या दिसतात.

आता कुणी म्हणेल, हे सगळे आकडे गोळा करून त्यांची सरासरी काढावी, म्हणजे भांडण मिटलं. शिक्षक बंधुभगिनींनी इथं थोडं लक्ष द्यावं, कारण हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडण्यासारखा आहे. आपण बैलबाजाराचं उदाहरण घेऊ. समजा, गेल्या वर्षी बाजारात दहा जोड्या विकल्या गेल्या. आठ साध्या, प्रत्येकी चाळीस हजारांना. दोन खिलार, प्रत्येकी एक लाख वीस हजारांना. सरासरी पडली छप्पन्न हजार. यंदा पाऊस कमी. साधा शेतकरी बाजारात फिरकलाच नाही. साध्या जोड्या तीनच विकल्या, त्याही छत्तीस हजारांना. खिलार मात्र तीन विकल्या, एक लाख चौदा हजारांना. सरासरी काढा : पंचाहत्तर हजार. साधा बैलही उतरला, खिलारही उतरला, आणि सरासरी छप्पन्नाची पंचाहत्तर झाली! वर्तमानपत्रात छापून येईल की बैल महागले. घरांच्या बाबतीत हेच होतं. मंदीत बहुधा लहान घरं घेणारा कर्जावर अवलंबून असलेला माणूस आधी मागे सरतो, मोठी घरं घेणारे थोडे उरतात, आणि सरासरी वर जाते.

यावर अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९६३ साली एक तोड मांडली. वेगवेगळी घरं नका तोलू. तेच घर जेव्हा दुसऱ्यांदा विकलं जाईल तेव्हा त्याचीच आधीच्या भावाशी तुलना करा. पुढे केस आणि शिलर या दोघा प्राध्यापकांनी १९८० नंतरच्या दशकात ती पद्धत चालती केली. आपल्याकडे राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेनं २००७ साली घरांच्या भावाचा निर्देशांक सुरू केला, आणि रिझर्व्ह बँकही नोंदणी कार्यालयांतल्या व्यवहारांवरून आपला निर्देशांक दर तिमाहीला काढते. गृहनिर्माण बँकेचे तर पुढे दोन निर्देशांक झाले : एक कर्ज देताना बँका जे मोल ठरवतात त्यावरून, आणि दुसरा बांधकाम चालू असलेल्या घरांच्या बाजारभावावरून. दोन्ही एकाच शहराचे, एकाच तिमाहीचे, आणि तरी त्यांचे आकडे वेगळे येऊ शकतात. यात लबाडी कुणाचीच नसते. एक बँकेच्या मूल्यमापकाचा कागद वाचतो, दुसरा बांधणाऱ्याचा.

तेच घर पुनःपुन्हा तोलण्याची ही रीत सर्वांत लांबवर ज्यानं नेली तो हॉलंडमधला पीट आयखोल्ट्झ नावाचा अभ्यासक. अ‍ॅमस्टरडॅम शहरात हेरेनग्राख्त नावाचा एक कालवा आहे. सतराव्या शतकात, म्हणजे इकडे शिवाजी महाराजांचा काळ, तेव्हापासून त्याच्या काठी धनिकांची घरं उभी आहेत, आणि त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी नीट जपून ठेवलेल्या आहेत. आयखोल्ट्झनं १६२८ पासून १९७३ पर्यंतच्या, म्हणजे साडेतीनशेला थोडी कमी अशा काळाच्या नोंदी लावल्या आणि १९९७ साली त्या छापल्या. महागाई वजा केली, तर इतक्या वर्षांत त्या घरांचं खरं मोल सुमारे दुप्पट झालं होतं. साडेतीनशे वर्षांत दुप्पट! आणि मधे चढउतार एवढे मोठे, की नेपोलियनच्या काळात घर विकावं लागलेल्या माणसाला त्याच्या पणजोबानं दिलेलं मोलसुद्धा हाती आलं नसेल. गल्लीतल्या पुढच्या पिढीतला एखादा म्हातारा मात्र नातवाला सांगत असेल की घराचा भाव म्हणजे वरच जायचा.

महागाई वजा करणं म्हणजे काय, हे आपल्या पैशात पाहू. समजा, एका घराचं १९७० साली वीस हजार रुपयांना खरेदीखत झालं आणि तेच घर १९८० साली एक लाखाला विकलं. पाचपट. विकणाऱ्यानं पेढे वाटले. पण १९७० साली दहा ग्रॅम सोनं सुमारे १८४ रुपयांना मिळे. वीस हजारांत एक किलोहून जास्त सोनं आलं असतं. १९८० साली तेच सोनं सुमारे १,३३० रुपये. लाखात ते साडेसातशे ग्रॅमच येईल. रुपयांत पाचपट चढलेलं घर सोन्यात पाव हिश्शाहून जास्त उतरलं. अर्थात सोन्यालाही त्या दहा वर्षांत भलतंच पंख फुटले होते, तेव्हा सोन्याचं माप अगदी निर्मळ आहे असं मी म्हणणार नाही. ज्वारीत मोजा, गवंड्याच्या रोजात मोजा. उत्तर दर वेळी थोडं वेगळं येईल.

हे काम कुठल्याही गावच्या शाळेला करता येण्याजोगं आहे. ग्रामपंचायतीत घरांच्या कर आकारणीची नोंदवही असते, नमुना आठ. तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे झालेल्या व्यवहारांची सूची असते. गावातलं एखादं जुनं घर निवडावं, जे दोन-तीनदा विकलं गेलं असेल, आणि त्याच्या मालकाची परवानगी घेऊन त्याची खतं मुलांना वाचायला द्यावीत. मग त्या त्या साली ज्वारीचा आणि गवंड्याच्या रोजाचा काय भाव होता, ते गावातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून यायला सांगावं. आजी म्हणेल, "खतावर पाच लिहिले होते रे, पण दिले सात होते." तो सातचा आकडाही मुलांनी वहीत टिपून घ्यावा, पाचच्या शेजारी, वेगळ्या रकान्यात.